पुसलेली रेघ

आपल्या समाजातील कोणत्याही कार्यक्रमाचे दृश्य आता ठरून गेले आहे. पर्युषणातील सांस्कृतिक संध्याकाळ असो, महावीर जयंतीची नाटिका असो किंवा पाठशाळेचा वार्षिक दिन असो. रंगमंचावर मुले असतात आणि समोरच्या रांगांत मोबाइल उंच धरलेले हात असतात. आई मुलीचे नृत्य टिपते, मामा भाच्याचे भाषण टिपतो आणि कार्यक्रम संपण्यापूर्वीच त्यातील तीस सेकंद नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन पोहोचतात. ‘खूप छान’, ‘अभिनंदन’ असे शब्द आणि जोडलेल्या हातांची चिन्हे यांचा वर्षाव होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सारे नव्या संदेशांखाली गाडले जाते. या धामधुमीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या मुलीने नृत्य केले, तिने स्वतः ते चित्रीकरण किती वेळा पाहिले? आणि पाहिले असेल, तर तिला त्यात काय दिसले?

गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या सोबतीला आहे. मी चाकूरची रहिवासी. लातूर-नांदेड रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. पहाटे सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्राकडे जवानांची धावपळ सुरू होते आणि सकाळी मुले शिकवणीकडे धावतात. शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि तोवर ज्या मोबाइलला हात लावण्याची मुलांना मनाई होती, तोच मोबाइल आईवडिलांनी आपण होऊन त्यांच्या हाती दिला. शाळा पुन्हा उघडल्या, तरी तो हातातून सुटला नाही. गल्लीतील आईबाया माझ्याकडे येऊन एकच गाऱ्हाणे मांडू लागल्या, “बाई, पोरगं दिवसभर त्यातच बघत बसतं.” तेव्हा माझ्या मनात आले, बघतच असेल तर त्याने एकदा स्वतःच्या हातांकडेही बघावे.

ही कल्पना मला सुचली ती माझ्या बी.एड.च्या दिवसांमुळे. वाचकांमध्ये शिक्षक असतील, त्यांना ‘सूक्ष्म अध्यापन’ आठवत असेल. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण. असे छत्तीस मिनिटांचे ते चक्र. या पद्धतीचा उगम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. तेथे शिकाऊ शिक्षकाचा छोटा पाठ व्हिडिओवर मुद्रित केला जाई आणि लगेच त्यालाच दाखविला जाई. आपल्या देशात ही पद्धत रुजली तेव्हा महाविद्यालयांना तशी यंत्रे परवडणारी नव्हती. म्हणून कॅमेऱ्याच्या जागी वर्गमित्र बसविला गेला. मागच्या बाकावर हातात घड्याळ आणि निरीक्षण तक्ता घेऊन तो बसे व पाठ संपला की सांगे, “प्रश्न चांगले होते, पण फळ्याकडे तोंड फार वेळ होते.” मैत्रिणीच्या त्या शब्दांवर आम्ही विश्वास ठेवला आणि सुधारलोही. पण फळ्याकडे तोंड करून उभी असलेली मी, ही मी कधीच पाहिली नाही. ज्या साधनासाठी ही पद्धत जन्माला आली होती, ते साधन आपल्यापर्यंत पोहोचायला अर्धे शतक लागले. आणि पोहोचले तेव्हा ते एकदम प्रत्येकाच्या खिशात पोहोचले.

तर, दर रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर सहा-सात मुले जमू लागली. वय तेरा ते सोळा. कोणी चित्र काढणारे, कोणी एकपात्री करणारे, कोणी मातीत रमणारे. त्यांना मी एवढेच सांगितले, की आठवड्यात जे काही कराल ते करताना मोबाइल समोर ठेवा. त्यासाठी स्टँड विकत आणायला नको. स्वयंपाकघरातील दोन डब्यांची चळत आणि मागे टेकू म्हणून उभा केलेला पाट पुरतो. खिडकीतून येणारा उजेड हातांवर पडला पाहिजे, कारण आपल्याकडे विजेचा भरवसा धरता येत नाही. आणि रविवारी येताना त्यातील सहा मिनिटे निवडून आणा. सहाचा आकडा अर्थातच बी.एड.चा.

पहिले दोन रविवार वाया गेल्यासारखे वाटले. एकालाही आपले काम दिसले नाही. मुली केस आणि ओढणी पाहत होत्या. मुले स्वतःचा आवाज ऐकून कानांवर हात ठेवीत होती. “हा माझा आवाजच नाही,” असे प्रत्येकाने म्हटले. त्यामागे साधे विज्ञान आहे आणि ते मुलांना सांगितल्यावर त्यांना हायसे वाटले. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून येणारे खालचे स्वर आवाजाला भरीवपणा देतात. ध्वनिमुद्रणात केवळ हवेतला भाग उरतो, म्हणून आपला आवाज आपल्यालाच पातळ आणि परका वाटतो. चेहऱ्याचेही तसेच. आरशात आपण रोज स्वतःचे डावे-उजवे उलटलेले रूप पाहतो. चित्रीकरणात जग आपल्याला जसे पाहते तसे रूप समोर येते आणि ओळखीचा चेहरा किंचित वाकडा भासतो. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सगळ्यांना मी असाच दिसतो होय? मग चालतंय.” तिसऱ्या रविवारपासून चेहरे मागे पडले आणि काम पुढे आले.

नववीतील एक मुलगी तेव्हा इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेची तयारी करीत होती. स्थिरचित्रासाठी तिने घरातील तांब्या, दोन पेरू आणि घडी मोडलेला टॉवेल मांडला होता. तिने सहा मिनिटे निवडली नाहीत. तिने तेहतीस मिनिटांचे सगळे चित्रीकरण घरीच बसून पाहिले आणि वहीत दोन आकडे लिहून आणले. त्या तेहतीस मिनिटांत तिने समोरच्या तांब्याकडे सतरा वेळा पाहिले होते आणि खोडरबर सव्वीस वेळा उचलला होता. “म्हणजे बघितलं कमी आणि पुसलं जास्त,” ती म्हणाली. चित्रकलेचे कोणतेही पुस्तक सांगते, की वस्तू पाहून काढा, आठवून काढू नका. तिने ते शंभरदा ऐकले असेल. पण आपण तांब्याऐवजी मनातला तांब्या काढीत आहोत, हे तिला तिच्याच मानेच्या हालचालीने सांगितले.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. तिने चित्रीकरण एका ठिकाणी थांबविले. “इथं बघा बाई. ही रेघ बरोबर होती.” तांब्याच्या पोटाची ती पहिली रेघ. एका दमात ओढलेली, थोडी थरथरती, पण गोलाईचे नेमके वजन पकडणारी. पुढच्याच क्षणी खोडरबर आला. दुसरी रेघ अधिक सावध होती, तिसरी त्याहून सावध, आणि कागदावर शेवटी उरली ती चौथी. ती सरळ होती, स्वच्छ होती आणि निर्जीव होती. मुलगी बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पहिली मी भिऊन पुसली.”

पूर्ण झालेले चित्र आपण कसे तयार झालो, हे सांगत नाही. पुसलेल्या रेघा, मागे घेतलेला हात, थांबलेला श्वास, हे सारे त्याच्या खाली गडप होते. शिक्षकासमोर येते ते केवळ शेवटचे फळ. तो त्यावर गुण देतो आणि मुलाला वाटते, की हे गुण म्हणजे मी. पण कुठल्या मिनिटाला हात घाबरला हे ज्या मुलीने स्वतः पाहिले, तिला आपली चित्रकला वाईट आहे असे म्हणण्याची गरज उरत नाही. त्या मिनिटाला आपण काय केले, एवढेच ती म्हणू शकते. ‘मी वाईट’ आणि ‘ही रेघ चुकली’ या दोन वाक्यांमधील अंतर मला तीस-चाळीस मुलांच्या वर्गात निबंधांवर लाल शेरे मारून शिकविता आले नसते. त्या मुलीला ते खिडकीतल्या उजेडात आपोआप कळले. पुढच्या आठवड्यात तिने ठरविले, की पहिली दहा मिनिटे खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवायचा. चित्र मळकट झाले. पण तांब्या टॉवेलवर बसला.

इतरांच्या बाबतीतही असेच काहीसे घडत गेले. पोळ्यासाठी काळ्या मातीचे बैल करणारा एक मुलगा होता. त्याचे बैल दरवर्षी एका बाजूला कलत. चित्रीकरणात त्याला दिसले, की वशिंड आणि शिंगे घडविण्यात त्याचा बहुतेक वेळ जातो, कारण तीच त्याला आवडतात. चारही पाय मात्र तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चिकटवून टाकतो. आपला वेळ कोठे गेला याचा असा हिशेब त्याला कोणीही दिला नव्हता. दुसरा एक मुलगा एकपात्री प्रयोग बसवीत होता. प्रयोगात तो पुस्तकी, ताठर मराठी बोले. मध्येच धाकटा भाऊ मोबाइलसमोर आला आणि हा त्याच्यावर आपल्या घरच्या बोलीत जोरात खेकसला. ते चित्रीकरण पाहताना सगळी मुले हसली, पण तो स्वतः हसला नाही. त्याने तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन पाहिला आणि म्हणाला, “बाई, मी भांडूलालो तवाच बरं बोलूलालो की!” त्याच्या एकपात्रीतील आजोबा त्या दिवसापासून चाकूरचे झाले.

हे सारे आपोआप होत नाही. मोबाइल समोर ठेवला म्हणजे विचार सुरू होतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अनुभवाने आमचे काही नियम बनत गेले. पहिला नियम म्हणजे केल्या दिवशी पाहायचे नाही. मध्ये किमान एक रात्र जाऊ द्यायची. काम ताजे असताना माणूस एक तर त्याच्या प्रेमात असतो किंवा त्याच्यावर रुसलेला असतो. दुसरा, करणाऱ्याने आधी बोलायचे. त्याने तीन गोष्टी सांगायच्या : मला काय दिसले, मला काय करायचे होते आणि पुढच्या वेळी मी कोणती एक गोष्ट बदलीन. एकच. पाच गोष्टी बदलू पाहणारा काहीच बदलत नाही. तिसरा, बाकीच्यांनी तोवर केवळ प्रश्न विचारायचे. स्तुती नाही आणि टीकाही नाही. मुलांना टीका न करणे सोपे गेले. ‘मस्त’ हा शब्द न उच्चारणे मात्र फार जड गेले. चौथा, ज्या त्या रविवारी वहीत तारखेसह एक ओळ लिहायची. मोबाइल बिघडतो, हरवतो, वही उरते.

आपल्या वाचकांना या नियमांत ओळखीचे काहीतरी दिसेल. ‘आलोचना’ हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच्या धातूतच पाहण्याचा अर्थ आहे. स्वतःकडे न लपविता पाहणे, पाहिलेले स्वतःच्या तोंडाने सांगणे आणि पुढे काय टाळायचे ते ठरविणे, ही वाट आपल्याला नवी नाही. तरीही मी मुलांसमोर हा शब्द जपून वापरते. चुकलेली रेघ हे पाप नव्हे. तिचे प्रायश्चित्त नसते. तिच्यापासून शिकायचे असते. मुलाच्या सर्जनशील कामात दोष शोधण्याची सवय त्याच्या मनात अपराधभावाला जोडली गेली, तर ते मूल खोडरबर आणखी घट्ट धरील. म्हणून आलोचनेतील पाहणे तेवढे घ्यावे आणि भय बाहेर ठेवावे, असे मला वाटते.

कॅमेऱ्याने स्वतःच्या कामाकडे वळून पाहण्याची ही रीत महाराष्ट्राला तशी जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील बीजाला फुटलेल्या अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून तिचा एक लहानसा चित्रपट केला होता आणि तो पाहून त्यांना भांडवल देणारा माणूस राजी झाला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ मधला. पुढे १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपट केला. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. नटांना सूचना देताना, फिल्म तपासताना. ज्या देशात चित्रपट जन्मून चार वर्षे झाली होती, त्या देशात त्याच्या जनकाने ‘मी हे कसे करतो’ हेही पडद्यावर आणले! १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली आहे. तिचे वय तेव्हा अवघे सात वर्षांच्या आसपास. कथा सुरू होण्यापूर्वी ती मुलगी साध्या वेषात, एकटीच, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखविते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. आधी मुलगी, नंतर भूमिका. फाळक्यांनी प्रेक्षकाला तयार कृष्ण न देता तो घडताना दाखविला. आज एखादी मुलगी डब्यांच्या चळतीवर मोबाइल टेकवून तालमीचे चित्रीकरण करते, तेव्हा ती त्याच परंपरेत बसलेली असते. फरक एवढाच, की फाळक्यांना प्रत्येक फूट फिल्म मोजावी लागे आणि हिला मोजावे लागत नाही.

शासकीय पातळीवरही मुलांच्या कलेशी चित्रीकरण जोडले गेले आहे. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ पासून ‘कला उत्सव’ सुरू केला. गायन, वादन, नृत्य, नाट्य, दृश्यकला असे त्यात विभाग असतात. कोरोनाच्या वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, हा उत्सव ऑनलाइन झाला आणि देशभरातील मुलांची कला कॅमेऱ्यातूनच परीक्षकांपर्यंत गेली. अशा वेळी मूल एक चित्रीकरण पाठविते, पण त्याआधी कदाचित नऊ करून टाकून देते. मला त्या नऊंची ओढ आहे. स्पर्धेचा निकाल दहाव्यावर लागतो. शिकणे मात्र त्या नऊंमध्ये होऊन गेलेले असते. घरात कोणी असे चित्रीकरण करीत असेल, तर ते नऊ लगेच पुसू नका, एवढीच पालकांना विनंती.

आता एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. तांब्या काढणारी ती मुलगी चित्र काढताना स्वतःशी पुटपुटत असे. एका चित्रीकरणात ती तांब्याला म्हणते, “नीट बस की जरा.” सुटीत घरी आलेल्या एका नातेवाइकाला मोबाइलमध्ये ते सापडले. त्याने त्यातील वीस सेकंद कापली, मागे हसण्याचा आवाज जोडला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. चाळीसेक माणसे हसली. प्रेमानेच हसली. कोणी तिला ‘तांब्याबाई’ म्हटले, तेही लाडाने. त्यानंतर दहा आठवडे ती ओसरीवर आली नाही. तिचा ड्रॉइंग बोर्ड कपाटामागे गेला. तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, घरात कुणी तिला वाईट बोललं नाही हो.” ते खरेच होते आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. वाईट बोलणाऱ्याशी भांडता येते. पण आपल्या एकांतातील क्षण इतरांच्या करमणुकीचा विषय झाला, हे दुःख सोळा वर्षांच्या मुलीने कोणत्या शब्दांत सांगावे?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. कायदा कंपनीला सांगू शकतो. मामाला, मावशीला, चुलतभावाला सांगणारा कायदा घरातच करावा लागतो.

तो कायदा पुढे त्या मुलीनेच केला. एके दिवशी तिने सगळी चित्रीकरणे पुसून टाकायला आईचा मोबाइल मागितला. आई शहाणी; ती शेजारी बसून राहिली, काही बोलली नाही. पुसण्यापूर्वी मुलीने प्रत्येक चित्रीकरण एकदा पाहिले. एकतीसपैकी सत्तावीस पुसली आणि चार ठेवली. त्या चारांत पहिल्या रेघेचे ते चित्रीकरण होते. पुढच्या रविवारी ती आली ती अटी घेऊनच. कॅमेरा चेहरा पाहणार नाही, फक्त हात पाहील. चित्रीकरण मोबाइलमध्ये न राहता मेमरी कार्डात जाईल आणि ते कार्ड तिच्या कंपासपेटीत राहील. कोणाला दाखवायचे ते ती ठरवील आणि दाखवायचे नाही असे ठरविले, तर कारण विचारायचे नाही. बाकीच्या मुलांनी त्या अटी तेथल्या तेथे मान्य केल्या. तेव्हापासून आमच्या नियमांत हा पाचवा नियम आहे आणि तो आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहितो.

त्यानंतर एका सुटीत आम्ही वडवळ नागनाथच्या बेटावर गेलो. वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेली ती टेकडी आपल्याच तालुक्यात असूनही निम्म्या मुलांनी पाहिली नव्हती. तेथे पाने काढताना ती मुलगी मोबाइल दगडाला टेकवून बसली होती. चित्रीकरणात फक्त दोन हात, कागद आणि वाऱ्याने हलणारी सावली. त्या दिवशी वर पाहण्याची मोजणी कोणी केली नाही.

आपल्या भागात दहावीनंतरचे चित्र ठरलेले असते. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे निर्विवाद आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या वाटेवर पाऊल ठेवताना रंगपेटी, पेटी-तबला, गोष्टींची वही हे सारे माळ्यावर जाते, हेही तितकेच खरे. तीही अकरावीला लातूरला गेली. वसतिगृहात स्मार्टफोन नाही. दिवाळीत आली तेव्हा सांगत होती, की जीवशास्त्राच्या आकृत्या काढताना ती आता वहीपेक्षा पुस्तकातील आकृतीकडे जास्त वेळा पाहते. तिच्या वडिलांना हे ऐकून समाधान वाटले. कलेचे समर्थन गुणांच्या भाषेत करावे लागणे मला मनापासून रुचत नाही. उद्या ती आकृत्यांतही चुकली, तरी तिचे ते तेहतीस मिनिटांचे पाहणे व्यर्थ ठरणार नाही. स्वतःच्या कामाकडे न घाबरता आणि न फुशारता पाहता येणे, हे डॉक्टरला लागते, व्यापाऱ्याला लागते, आईलाही लागते. हे ज्या वयात शिकता येते ते वय लहान असते आणि त्या वयात आपण मुलांना एक तर टाळ्या देतो किंवा टक्केवारी विचारतो.

म्हणून सुज्ञ पालकांना काही सुचवावेसे वाटते. यासाठी वेगळा वर्ग, शुल्क किंवा साधन लागत नाही. आठवड्यातून एक दुपार, खिडकीजवळची जागा आणि दोन डबे पुरतात. मूल काम करीत असताना मोबाइल लावून आपण खोलीबाहेर जावे. दुसऱ्या दिवशी त्याने बोलाविले तरच शेजारी बसावे. ‘छान’ म्हणण्याची घाई करू नये, “तुला काय दिसलं?” एवढे विचारून थांबावे. उत्तर लगेच येणार नाही. पहिल्या दोन वेळा ते केसांबद्दल आणि आवाजाबद्दल बोलेल, त्याला बोलू द्यावे. आणि ते चित्रीकरण कितीही गोड असले, आजीला पाठवावे असे कितीही वाटले, तरी आधी त्याची परवानगी मागावी आणि तो नाही म्हणाला तर मोबाइल खाली ठेवावा.

आमच्या ओसरीवर आता नवी मुले येतात. त्यांतील सर्वांत धाकटी सातवीत आहे आणि रांगोळी काढते. मागच्या रविवारी तिचे बोलणे संपल्यावर मी विचारले, “पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलशील?” ती म्हणाली, “अजून ठरलं नाही, बाई. अजून एकदा बघते.” आणि मोबाइल घेऊन ती कोपऱ्यात जाऊन बसली.